हवेतील वर्दळ आणि तिचा पहारा

बालाघाटाच्या पठारावर वसलेल्या वाशी या तालुक्याच्या गावात दिवाळीपूर्वीचा बाजार ऐन भरात आलेला असतो, तेरखेड्याच्या फटाक्यांचे खोके दुकानांच्या पायऱ्यांपर्यंत येऊन ठेपलेले असतात आणि सोयाबीनचे पैसे हाती आलेला शेतकरी पोराबाळांना घेऊन कापडाच्या दुकानात शिरत असतो, तेव्हा रस्त्यावरची वर्दळ सर्वांच्याच दृष्टीस पडते. परंतु त्याच रस्त्यावर, त्याच घटकेला, माणसांच्या अंगावरून आणि दुकानांच्या भिंतींतून आरपार जाणारी दुसरी एक वर्दळ अखंड चालू असते, आणि तिच्यात सहभागी असलेल्यांपैकी कोणालाही तिची जाणीव नसते. दुकानादुकानातील राउटर, खिशाखिशातील फोन, भिंतीवरचा कॅमेरा, कोपऱ्यातला प्रिंटर ही सारी यंत्रे एकमेकांशी हवेतून बोलत असतात. या बोलण्याला ध्वनी नाही. तथापि त्याला नाव आहे, पत्ता आहे, वेळ आहे, आणि संगणकात योग्य ते सॉफ्टवेअर असेल तर ते ओळीओळीने पडद्यावर मांडून वाचता येते. हे वाचणे म्हणजे नेमके काय, ते कोणी व कोणत्या अधिकाराने करावे, आणि ते अवगत नसल्यामुळे सामान्य नागरिकाचे काय जाते, याची कैफियत मांडावी, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

हा विषय महाराष्ट्राच्या सरकारी दप्तरी खऱ्या अर्थाने रुजू झाला तो २००८ साली, आणि तोही आमच्या गावाशी नाव जुळणाऱ्या नवी मुंबईतील वाशीला लागून असलेल्या सानपाडा या वस्तीत. त्या वर्षीच्या २६ जुलैच्या सायंकाळी अहमदाबादेत पहिला स्फोट होण्यापूर्वी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल पोहोचला. त्यानंतर एकामागून एक २१ स्फोट झाले आणि ५६ माणसे प्राणास मुकली. ई-मेलच्या शीर्षभागात तो ज्या जोडणीवरून निघाला तिचा आयपी पत्ता नोंदलेला होता. त्यावरून, हेमंत करकरे ज्याचे प्रमुख होते त्या महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने माग काढला तेव्हा तो सानपाड्यातील एका इमारतीत राहणाऱ्या अमेरिकी नागरिकाच्या घरापाशी येऊन थांबला. घर सापडले, जोडणी सापडली, संगणक तपासण्यात आले. परंतु ई-मेल लिहिणारा हात त्या घरातला नव्हता. त्या घरातील वाय-फायला कुलूप नव्हते, त्यामुळे इमारतीच्या आसपास लॅपटॉप घेऊन बसलेल्या कोणाही इसमास ती जोडणी आपलीच असल्याप्रमाणे वापरता येत होती.

पुढे २३ ऑगस्टला असाच दुसरा ई-मेल निघाला तो माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या वाय-फायवरून, आणि १३ सप्टेंबरच्या दिल्लीतील स्फोटांच्या वेळचा ई-मेल चेंबूरमधील एका कंपनीच्या जोडणीवरून. प्रत्येक खेपेस पोलीस एका निरपराध दारापाशी पोहोचले. आयपी पत्ता घराचा दाखला देतो, माणसाचा देत नाही, ही गोष्ट तोपर्यंत केवळ तांत्रिक पुस्तकांत होती. ती आता तपासाच्या कागदांत आली. पुढे अटकसत्र झाले, त्यात पुण्यात नोकरी करणारा एक संगणक अभियंताही होता. खुले वाय-फाय हुडकण्यासाठी ही मंडळी मुंबईत फिरत असत असे पोलिसांचे म्हणणे पडले. अहमदाबादच्या विशेष न्यायालयाने ८ फेब्रुवारी २०२२ रोजी ४९ जणांना दोषी ठरविले आणि त्यानंतर दहा दिवसांनी ३८ जणांना मृत्युदंड व ११ जणांना जन्मठेप फर्माविली.

मला या प्रकरणात विचार करण्याजोगी वाटते ती निराळीच बाजू. जमिनीवर गुन्हा घडला तर पंचनाम्यात पाऊलखूण येते, मुद्देमाल जप्त होतो, शेजाऱ्याची जबानी होते. हवेत घडलेल्या व्यवहाराची पाऊलखूण त्याच क्षणी कोणी टिपली तरच उरते. घरगुती राउटरची स्मृती तोकडी. नवी नोंद आली की जुनी पुसली जाते, आणि वीज गेली की बहुधा सारेच जाते. त्या २६ जुलैला सानपाड्याच्या त्या इमारतीत कोणी हवेतील वर्दळ टिपून ठेवीत असते, तर परक्या लॅपटॉपचा यंत्रक्रमांक, तो किती वाजता आला, किती वेळ होता आणि त्याचा संदेश किती क्षीण किंवा प्रबळ होता, म्हणजे तो भिंतीपलीकडे होता की रस्त्यावर, एवढे तरी दप्तरी लागले असते. यंत्रक्रमांक बदलता येतो हे खरे. तरीही तपास रित्या हाताने परतला नसता.

आता हे टिपणे घडते कसे ते पाहू. वाय-फायचे स्वरूप गावच्या दवंडीसारखे आहे. दवंडी देणारा चौकात उभा राहून अमक्या वाड्यातील तमक्यासाठी निरोप पुकारतो. ऐकू सर्वांना येते, परंतु ज्याचे नाव पुकारले तोच ते मनावर घेतो आणि इतर आपापल्या कामाला लागतात. संगणकातील वाय-फायचे कार्ड नेहमी हाच शिरस्ता पाळते: हवेतील प्रत्येक पॅकेट, म्हणजे संदेशाचा प्रत्येक तुकडा, त्याच्या कानी पडते, त्यावरचा पत्ता ते वाचते, आणि पत्ता आपला नसेल तर ते पॅकेट तिथल्या तिथे टाकून देते. त्याला 'मॉनिटर मोड'मध्ये घातले, म्हणजे हा शिरस्ता मोडून जे कानी पडेल ते सर्व वर पाठविण्याचा हुकूम दिला, की तेच कार्ड त्या चॅनलवरचा प्रत्येक शब्द लॅपटॉपच्या हवाली करते. यात कोणाच्या यंत्रात शिरावे लागत नाही, कोणास काही पाठवावे लागत नाही, आणि म्हणूनच ज्याचे बोलणे टिपले जाते त्याला त्याची चाहूल लागत नाही.

वाशीतील एका सेवा केंद्राच्या चालकाच्या संमतीने, त्याच्याच दुकानातील जोडणीवर, दुकान बंद झाल्यानंतर हा प्रयोग आम्ही केला. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविम्याचे अर्ज, आधारचे काम अशी दिवसभर रीघ असलेली ती जागा. म्हणजे तालुक्यातील शेकडो कुटुंबांचे कागद ज्या हवेतून जातात ती हवा. लॅपटॉपला छोटी अँटेना असलेले कार्ड जोडले, ते मॉनिटर मोडमध्ये घातले, दुकानाचा राउटर ज्या चॅनलवर बोलतो तो निवडला, आणि शेजाऱ्यांच्या व्यवहारात डोकावणे होऊ नये म्हणून त्याच एका राउटरचा पत्ता असलेली पॅकेटेच नोंदावीत अशी चाळणी लावली. नंतर वायरशार्क हे पॅकेटे वाचून दाखविणारे सॉफ्टवेअर उघडले. त्याच्या पडद्याचे तीन भाग असतात: एकात एकाखाली एक येत जाणाऱ्या पॅकेटांची यादी, दुसऱ्यात निवडलेल्या पॅकेटचा पदर न् पदर उलगडून सांगणारा तपशील, आणि तिसऱ्यात त्याच पॅकेटचे मूळ अंकाक्षर. सुरुवात होताच यादी पावसाच्या सरीसारखी धावू लागली, आणि चालक खुर्ची ओढून पुढे सरकला.

पहिली गोष्ट दिसली ती राउटरची स्वतःची द्वाही. आपले नाव, आपला चॅनल, आपल्याकडे कोणत्या प्रकारचे कुलूप आहे, हे तो एका सेकंदाला जवळजवळ दहा वेळा जगाला सांगत असतो, दर १०२.४ मिलिसेकंदांनी एक, असा त्याचा सामान्य क्रम आहे. दुसरी गोष्ट अशी की, कुलूप असलेल्या जोडणीतही पाकिटाच्या आतला मजकूर तेवढा झाकलेला असतो. कोणते यंत्र कोणत्या यंत्राशी, कोणत्या क्षणी, किती बोलले हे उघडेच राहते. यंत्रक्रमांकातील अंकाक्षरांच्या पहिल्या तीन जोड्यांवरून ते कोणत्या कारखान्याचे आहे तेही कळते, कारण त्या जोड्यांचे वाटप आयईईई ही संस्था कारखानदारांना करीत असते. अलीकडचे फोन आपला खरा क्रमांक लपवून तात्पुरता क्रमांक घेतात, त्यामुळे त्यांच्याविषयी हे अनुमान चालत नाही. परंतु प्रिंटर आणि कॅमेरा यांना अशी लज्जा नसते. राउटरपुरती लावलेली चाळणी थोडा वेळ उठवून केवळ चालकाच्या जुन्या फोनावर लावली, तेव्हा तो फोन पुण्यातील एका वसतिगृहाच्या वाय-फायचे नाव घेऊन त्याला हाका मारताना दिसला. कारण चालकाचा थोरला मुलगा तेथे शिकावयास होता तेव्हा कधीतरी तो फोन तेथे जोडला गेला होता. दुकानात बसल्या बसल्या मुलाचे शिक्षण कोठे झाले हे त्या यंत्राने अनोळखी माणसाला सांगून टाकले असते.

मग जोडणीचा पासवर्ड चालकाने स्वतः वायरशार्कला दिला आणि आम्ही आमच्या यंत्रांचे वाय-फाय बंद करून पुन्हा लावले. हे का करावे लागते ते समजून घेण्याजोगे आहे. डब्ल्यूपीए-टू या प्रचलित पद्धतीत यंत्र जोडणीत शिरताना राउटरशी चार संदेशांची देवाणघेवाण करते आणि त्यातून त्या बैठकीपुरती किल्ली तयार होते. हे चार संदेश ज्याने टिपले आणि पासवर्ड ज्याला ठाऊक आहे, त्याला पुढचे सर्व उलगडता येते. म्हणजे चहाच्या हॉटेलात भिंतीवर पासवर्ड लिहून ठेवला असेल, तर त्या कुलपाची किल्ली हॉटेलात बसलेल्या प्रत्येकापाशी आहे. आमच्या पडद्यावर आतापर्यंत नुसती 'संरक्षित' म्हणून दिसणारी पॅकेटे क्षणात बोलकी झाली. बँकेचा आणि सरकारी संकेतस्थळांचा मजकूर आणखी एका आतल्या कुलपात होता, तो उघडला नाही आणि उघडावयाचाही नव्हता. पण कोणकोणत्या संकेतस्थळांची नावे विचारली गेली ती मात्र ओळीने वाचता आली. प्रिंटर आपले नाव आणि जात सर्वांना पुन्हा पुन्हा सांगत होता. आणि कॅमेरा?

दुकानाच्या भिंतीवरील स्वस्त कॅमेऱ्याचे पान चालकाने आपल्या फोनावरून उघडले, तेव्हा त्याने टाकलेला पासवर्ड कोणत्याही आतल्या कुलपाविना, जसाच्या तसा, पॅकेटच्या तपशिलात उमटला. चालकाने तो स्वतः वाचला. "सर, हा तर माझ्या पोराच्या नावाचा पासवर्ड हाय," तो म्हणाला, आणि थोडे थांबून, "ह्योच मी अजून दोन ठिकाणी टाकलाय." त्या रात्री त्याने तो तिन्ही ठिकाणी बदलला. ज्या कॅमेऱ्याने दुकानावर पहारा ठेवावयाचा तोच दुकानाचे कुलूप उघडे ठेवीत होता, हे कोणी व्याख्यानातून सांगून पटले नसते; आपल्याच वर्दळीची यादी आपल्याच डोळ्यांनी वाचल्यावर पटावयास क्षणही लागला नाही.

वाय-फायच्या पासवर्डाविषयीही येथेच सांगितले पाहिजे. आमच्या भागात बहुसंख्य दुकानदार आपला मोबाइल क्रमांकच पासवर्ड म्हणून ठेवतात. वर सांगितलेले चार संदेश टिपून घरी नेले, की राउटरजवळ न थांबताही संगणकाला एकामागून एक अंदाज करीत बसविता येते. भारतातील मोबाइल क्रमांक दहा अंकी असून ६, ७, ८ किंवा ९ यांनीच सुरू होतो, म्हणजे एकंदर शक्यता ४०० कोटी. ऐकावयास ही संख्या प्रचंड वाटते, परंतु व्हिडिओ खेळांसाठी वापरले जाणारे एखादे सामर्थ्यवान ग्राफिक्स कार्ड सेकंदाला काही लाख अंदाज करते, तेव्हा हे काम काही तासांचे ठरते. आणि येथे तर तोही श्रम नको, कारण तोच क्रमांक दुकानाच्या पाटीवर ठळक रंगवलेला असतो.

ही साधने कोठून आली याचा थोडा इतिहास सांगणे अप्रस्तुत होणार नाही. तारेतील पॅकेटे टिपणारे 'टीसीपीडम्प' हे १९८८ साली अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन आणि त्यांचे सहकारी यांनी रचले. १९९८ साली कॅन्सस सिटीतील जेराल्ड कोम्ब्स या अभियंत्याने 'इथिरियल' नावाने जे सॉफ्टवेअर प्रसिद्ध केले तेच २००६ पासून 'वायरशार्क' म्हणून ओळखले जाते. हवेतील वर्दळ निमूटपणे ऐकणारे 'किस्मेट' २००१ सालचे. ही सर्व विनामूल्य आहेत आणि त्यांची आतील रचना कोणासही वाचता येते. पहारेकऱ्याच्या आणि चोराच्या हाती एकच कंदील आहे, आणि ज्याच्या हाती तो नाही तो घरमालक मात्र अंधारात आहे.

वाय-फायला १९९७ साली आयईईईने प्रमाणरूप दिले तेव्हा त्यासोबत 'डब्ल्यूईपी' नावाचे कुलूपही दिले होते. त्या कुलपात प्रत्येक पॅकेटासाठी बदलणारा जो अंक होता तो अवघ्या २४ बिटांचा, म्हणजे त्याच्या शक्यता १,६७,७७,२१६ एवढ्याच. गजबजलेल्या जोडणीत त्या लवकरच संपत आणि तेच ते अंक पुन्हा येत. २००१ साली फ्लूरर, मॅन्टिन आणि शमीर या तिघांनी या कुलपातील मूळ दोष दाखवून दिला, आणि २००७ साली जर्मनीतील संशोधकांनी सुमारे ४०,००० पॅकेटे टिपली असता निम्म्या वेळा किल्ली हाती येते हे सिद्ध केले. त्याच सुमारास अमेरिकेतील एका मोठ्या दुकानसाखळीच्या अशाच वाय-फायमधून शिरून चोरांनी ४ कोटी ५७ लक्ष कार्डांचे क्रमांक नेल्याचे उघडकीस आले.

या इतिहासात पुण्याचा वाटा मोठा आहे आणि आपल्याकडे त्याचा उल्लेख क्वचितच होतो, म्हणून तो विस्ताराने सांगतो. प्रवीण भागवत यांनी स्थापिलेल्या 'एअरटाइट नेटवर्क्स' या कंपनीचे संशोधन पुण्यात चालत असे, आणि तिचा व्यवसायच मुळी हवेतील पहाऱ्याचा होता: कचेरीच्या छतावर लावलेली श्रवणयंत्रे अहोरात्र हवा ऐकत राहतात, ओळखीचा राउटर कोणता, शेजारचा कोणता आणि कोणी चोरून बसविलेला कोणता याची छाननी करतात आणि परकी जोडणी दिसली तर इशारा देतात. या कंपनीतील विवेक रामचंद्रन आणि मोहम्मद सोहेल अहमद यांनी २००७ च्या ऑक्टोबरात सॅन डिएगो येथील परिषदेत जे दाखविले त्याने जुन्या कुलपाविषयी उरलासुरला भ्रमही गेला. तोपर्यंत समज असा होता की, किल्ली चोरावयाची तर चोराला त्या राउटरच्या जवळ जावे लागेल. या दोघांनी दाखवून दिले की राउटर शेकडो कोस दूर असला तरी चालतो. कचेरीतला लॅपटॉप प्रवासात, उपाहारगृहात उघडला तरी पुरे. तो लॅपटॉप सवयीने आपल्या कचेरीच्या वाय-फायला हाक मारतो. चोराचे यंत्र 'मीच तो' म्हणून उत्तर देते. जुन्या पद्धतीत राउटरने स्वतःची ओळख पटवून देण्याची तरतूदच नसल्याने लॅपटॉप त्यावर विश्वास ठेवतो आणि आपल्या कुलपात बंद केलेली काही ठरावीक पॅकेटे पाठवितो. त्यांतील मोजके बिट पालटून ती त्यालाच परत पाठविली की तो उत्तरे देत सुटतो, आणि त्या उत्तरांतून किल्ली निघते. हे सारे एक पेला कॉफी संपेपर्यंत होते म्हणून त्यांनी त्याला 'कॅफे लाते' असे नाव दिले. पुढे २०१६ साली ही कंपनी 'मोजो नेटवर्क्स' झाली आणि २०१८ साली 'अरिस्टा' या कंपनीने ती घेतली. सानपाड्याच्या घटनेच्या नऊ महिने आधी, तेथून रस्त्याने काही तासांच्या अंतरावर, या विषयातील जगन्मान्य काम चालले होते. आणि तरीही त्या ज्ञानाचा एक थेंबही सामान्य घरापर्यंत झिरपला नव्हता.

ऐकणाऱ्याचा हेतू काय, यावर ऐकण्याचे मोल ठरते, हे मुंबईने त्याहून फार पूर्वी अनुभवले आहे. १९४२ च्या ऑगस्टात उषा मेहता आणि त्यांचे सहकारी यांनी काँग्रेस रेडिओ हे गुप्त नभोवाणी केंद्र मुंबईत चालू केले. ४२.३४ मीटर लांबीच्या लहरीवर ते बोलत असे. सरकारी यंत्रणा ते ऐकत असे, शब्दशः टिपून घेत असे, आणि लहरींची दिशा शोधणाऱ्या गाड्या शहरभर फिरत असत, म्हणून केंद्राला वारंवार बिऱ्हाड हलवावे लागे. १२ नोव्हेंबर १९४२ ला ते पकडले गेले आणि उषाबाईंना चार वर्षांची सजा झाली. या कथेत ऐकणारे सरकार परके होते आणि बोलणारे आपले. सानपाड्याच्या कथेत पहारा आपला आणि बोलणारे मारेकरी. उपकरणाचे तत्त्व दोन्हीकडे एकच. म्हणून या विद्येला सरसकट चोरविद्या म्हणणे जसे चूक, तसेच ती केवळ सरकारच्याच हाती असावी असे मानणेही माझ्या मते चूक आहे.

कायद्याने या बाबतीत काय म्हटले आहे ते थोडक्यात. वाय-फाय ज्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालते तो भारतात जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. त्यापूर्वी बिनतारी यंत्र बाळगण्यास १९३३ च्या कायद्यान्वये परवाना लागे, आणि ज्यांच्या घरी रेडिओच्या परवान्याचे पुस्तक पोस्टात नेऊन फी भरण्याचा रिवाज होता त्यांना तो काळ आठवत असेल. दुसऱ्याच्या संगणकात वा जोडणीत विनापरवानगी शिरणे, तेथील मजकूर उतरवून घेणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४३ व ६६ खाली गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. सरकारला संदेश अडवून वाचण्याचा अधिकार कलम ६९ ने आणि वर्दळीची नोंद गोळा करण्याचा अधिकार कलम ६९-ख ने दिला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला, त्यामुळे या अधिकारांना आता संविधानाची मोजपट्टी लागते. आणि मोजपट्टीची गरज केवळ सरकारलाच नाही: २०१० च्या मे महिन्यात गूगल कंपनीने कबूल केले की रस्त्यांची छायाचित्रे घेत देशोदेशी फिरणाऱ्या तिच्या गाड्यांनी वाटेतल्या कुलूप नसलेल्या वाय-फायमधील मजकूरही उचलला होता, आणि तो सुमारे ६०० गिगाबाइट भरला.

आता मी माझ्या मुख्य तक्रारीकडे येतो. सानपाडा, माटुंगा आणि चेंबूर यांनंतर सरकार स्वस्थ बसले नाही. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी लॅपटॉप घेऊन फिरणारी पथके नेमून कुलूप नसलेले वाय-फाय हुडकण्याची आणि मालकांना नोटिसा बजावण्याची तजवीज केली. हे काम योग्य होते आणि ते नेमके हवेतील वर्दळ ऐकण्याचेच होते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत केंद्राच्या दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना फर्मान काढले की, सार्वजनिक वाय-फाय वापरणाऱ्या प्रत्येकाची ओळख पटवून तिची नोंद ठेवली पाहिजे. रेल्वे स्थानकावर फोन वाय-फायला जोडला की मोबाइल क्रमांक मागितला जातो आणि आलेला ओटीपी टाकावा लागतो, त्याचे मूळ येथे आहे. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून रेल्वेच्या रेलटेल कंपनीचे वाय-फाय स्थानकांवर पसरले तेव्हा हीच पद्धत सर्वत्र गेली. या व्यवस्थेने वापरणारा कोण हे सरकारला कळते. परंतु ओटीपीचे पान हे दारावरचे नोंदवहीचे पान आहे, दाराचे कुलूप नव्हे. अशा बहुतेक जोडण्या हवेत आजही पूर्णतः उघड्या असतात; प्रवाशाने आपले नाव दप्तरी लिहून दिलेले असते, आणि तरी त्याच्या शेजारच्या बाकावर बसलेल्या लॅपटॉपवाल्याला त्याची पॅकेटे पूर्वीप्रमाणेच ऐकू येतात. नागरिकाची ओळख मागण्याची जितकी निकड वाटली तितकी त्याचे बोलणे झाकण्याची वाटली नाही.

आणि हे झाकणे अशक्य आहे असेही नाही. पासवर्ड न मागताही प्रत्येक यंत्राशी निराळ्या किल्लीने बोलावे अशी तरतूद २०१७ मध्ये प्रमाणित झाली आणि २०१८ पासून वाय-फायच्या नव्या प्रमाणपत्रांत आली. त्याच वर्षी आलेल्या डब्ल्यूपीए-थ्रीमध्ये पासवर्ड ठाऊक असलेल्या शेजाऱ्यालाही दुसऱ्याची टिपलेली पॅकेटे उलगडता येत नाहीत, आणि चार संदेश घरी नेऊन अंदाज करीत बसण्याची सोयही उरत नाही. भारतनेटची तार ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याचा आणि ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेतून किराणा दुकानदारालाही वाय-फाय विकू देण्याचा उद्योग देशाने हाती घेतला आहे, तर त्या प्रत्येक ठिकाणी हे कुलूप सक्तीचे करणे ही सरकारची पहिली जबाबदारी आहे असे मी मानतो. जो शेतकरी पीकविम्याच्या अर्जासाठी आधार, बँकखाते आणि अंगठा देतो, त्याला या कुलपाचे नावही माहीत असण्याचे कारण नाही. ते त्याच्यासाठी दुसऱ्याने लावलेले असले पाहिजे.

आणि ते लावले आहे की नाही हे पाहणारे डोळे गावातच हवेत. पोलीस पथक वाशीच्या प्रत्येक दुकानाची हवा ऐकावयास येणार नाही, आणि येऊही नये. तालुक्यातील कनिष्ठ महाविद्यालयातील विज्ञानाच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या घराच्या राउटरची वर्दळ वाचता येणे हे शक्यतेच्या बाहेरचे नाही. त्याला लागते ते जुने संगणकयंत्र, मॉनिटर मोड चालणारे एक कार्ड, विनामूल्य सॉफ्टवेअर आणि दुसऱ्याच्या पॅकेटाला हात न लावण्याची शिस्त. ही शिस्त प्रथम शिकवावयाची आणि विद्या नंतर, हा क्रम मात्र उलटा होता कामा नये.

सेवा केंद्रातील त्या प्रयोगानंतर चालकाच्या राउटरचे पान आम्ही उघडून पाहिले. डब्ल्यूपीए-थ्रीचा पर्याय होता, परंतु तो निवडताच जुना प्रिंटर जोडला जाईना. म्हणून दुकानाची जोडणी डब्ल्यूपीए-टूवरच ठेवून तिला लांब, शब्दकोशात न सापडणारा पासवर्ड दिला, गिऱ्हाइकांसाठी वेगळी जोडणी उघडली, आणि कॅमेरा व प्रिंटर यांना तिसरीकडे हलविले. लॅपटॉप दुकानाबाहेर नेऊन पाहिले तेव्हा रस्त्याच्या पलीकडच्या ओट्यावरही राउटर उणे ८० डीबीएमच्या आसपास, क्षीण का होईना, ऐकू येत होता. त्याची शक्ती कमी करण्याची सोय त्या पानावर होती, ती वापरली. टिपलेली फाइल चालकाच्या समक्ष पुसून टाकली. त्याचा धाकटा मुलगा अकरावीत आहे आणि त्याला हे शिकावयाचे आहे. दिवाळीच्या सुटीत त्याने व त्याच्या मित्रांनी यावे, प्रत्येकाने आपल्या घरच्या माणसांची परवानगी आणावी आणि केवळ आपल्याच घरचा राउटर ऐकावा, असे ठरले आहे.